लष्करी ड्रोनचं सिम्युलेटर ट्रेनिंग

मोठी लष्करी ड्रोन दोघं मिळून चालवतात. एक पायलट आणि शेजारच्या खुर्चीत सेन्सर ऑपरेटर, म्हणजे कॅमेरा आणि लेझर सांभाळणारा. या जोडीला खरं ड्रोन द्यायच्या आधी तशाच केबिनमध्ये बसवून महिनोन्महिने घासतात, ते हे ट्रेनिंग. मुंबईत ड्रोन म्हटलं की लग्नाचं शूटिंग नाहीतर पोलिसांचा बंदी आदेश एवढंच आठवतं, पण रीपर हे अमेरिकी लष्करी ड्रोन म्हणजे २० मीटर पंखांचं अख्खं विमान आहे, फक्त आत माणूस नाही.

प्रवासी विमानाचा सिम्युलेटर हायड्रॉलिक किंवा इलेक्ट्रिक पायांवर हलतो, धक्के देतो. इथे त्याची गरजच नाही, कारण खऱ्या ड्रोनचा पायलट पण जमिनीवर खुर्चीतच असतो, खऱ्यात पण स्क्रीन आणि खोट्यात पण स्क्रीन. म्हणून मला वाटतं या कामाला सिम्युलेटर जितका जवळचा आहे तितका दुसऱ्या कुठल्याच उडण्याला नाही.

सगळ्यात डोकं खातो तो लॅग. सिग्नल ३६,००० किमीवरच्या उपग्रहाला जाऊन येणार, वर व्हिडिओ दाबायचा-उघडायचा वेळ, म्हणजे आत्ता स्टिक हलवली तर चित्र सेकंद-दोन सेकंदांनी हलतं, नवीन माणसाला वाटतं काही झालंच नाही म्हणून तो अजून जोरात हलवतो आणि मग विमान डुलायला लागतं. त्यामुळेच टेकऑफ-लँडिंग बरीच वर्षं धावपट्टीजवळची वेगळी टीम थेट रेडिओवरून करायची. रीपरचं नवं रूप असलेल्या एमक्यू-९बीत ते आपोआप होतं.

सेन्सर ऑपरेटरचं दुखणं वेगळं. झूम केलं की कागदाच्या नळीतून शिवाजी पार्कातली मॅच बघितल्यासारखं, बॉल दिसला तर फिल्डर गायब. इन्फ्रारेडमध्ये गरम वस्तू पांढरी की काळी हे सेटिंगवर असतं, ते डोळ्यांत बसायला लागतं. लेझरवर जाणारं मिसाइल सुटलं की ते लागेपर्यंत ठिपका टार्गेटवरून हलता कामा नये.

भारताने ऑक्टोबर २०२४ मध्ये ३१ एमक्यू-९बीचा करार केला, त्यातली १५ नौदलाची.

इन्स्ट्रक्टर मागे बसून मुद्दाम लिंक तोडतो, कन्सोल (स्क्रीन आणि लिव्हरचं टेबल) हँग करतो. का, ते अ‍ॅरिझोनात नोगालेसजवळ एप्रिल २००६ ला पडलेल्या प्रेडेटर-बी वरून कळतं. ते सीमा गस्तीचं होतं, लष्कराचं नाही, पण घराणं रीपरचंच. पायलटचा कन्सोल अडकला म्हणून तो शेजारच्या कॅमेरावाल्या कन्सोलवर गेला. दोन्ही सारखेच दिसतात, पण कॅमेऱ्याच्या कामाला जो लिव्हर आयरिस (लेन्समधून उजेड कमी-जास्त सोडणारी झडप) फिरवतो तोच पायलटच्या कामाला इंजिनचं इंधन चालू-बंद करतो. कन्सोल बदलायच्या आधी दोन्हीकडचे लिव्हर जुळवायचे असतात, तसं चेकलिस्टमध्ये होतं, ते राहिलं. इंजिन बंद पडलं, आणि ड्रोन खाली का येतंय हे कळेपर्यंत ते डोंगराआड गेलं होतं.