माथाडी कोपरखैरण्यात, आमदारकी साताऱ्यात

२०१९ आणि २०२४ या दोन्ही सार्वत्रिक निवडणुकांत सातारा लोकसभा मतदारसंघात उदयनराजे भोसले यांच्यासमोर माथाडींचा, म्हणजे घाऊक बाजारात ओझी वाहणाऱ्या हमालांचा, नेता उभा होता. आधी शिवसेनेकडून नरेंद्र पाटील, नंतर शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडून शशिकांत शिंदे. दोघेही हरले. दोघांचे पक्ष वेगळे, आघाड्या एकमेकींच्या विरोधातल्या. पण दोघे घडले एकाच माथाडी चळवळीत. त्या चळवळीचं आजचं केंद्र मात्र सातारा नाही, नवी मुंबई आहे. हे असं का झालं, ते समजायला बरंच मागे जावं लागतं.

कामगारांचा माणूस कायदेमंडळात हवा, ही मागणी मुंबईत जुनी. १९२० साली इथेच आयटक या देशव्यापी कामगार संघटनेची स्थापना झाली आणि १९२१ पासून ना. म. जोशी कामगारांच्या वतीने केंद्रीय कायदेमंडळात बसू लागले, पण सरकारने नेमलेले सदस्य म्हणून. १९३५ च्या कायद्याने प्रांतिक विधानसभांत कामगारांसाठी निवडणुकीच्या जागा ठेवल्या. मुंबई प्रांताच्या १७५ पैकी ७. त्यातल्या काही जागांना मतदान करायचे ते नोंदणीकृत युनियनचे सभासद. १९३६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७ च्या निवडणुकीत त्याचे उमेदवार मोठ्या संख्येने निवडून आणले.

गिरणी कामगाराला, रेल्वे कामगाराला युनियन होती, कारण त्याला मालक होता आणि मस्टरवर नाव होतं. मशीद बंदरच्या हमालाकडे यातलं काहीच नव्हतं. आज या दुकानात, उद्या त्या वखारीत. मजुरी मुकादमाच्या हातून. संप करायचा तर कोणाविरुद्ध? शिवाय १९५० नंतर प्रत्येक प्रौढाला मत मिळालं, तशा कामगारांच्या वेगळ्या जागाही गेल्या. आपल्या विधान परिषदेत शिक्षकांसाठी ७ आणि पदवीधरांसाठी ७ जागा आहेत. कामगारांसाठी एकही नाही. मला ही घटनेतली मोठी उणीव वाटते. युनियनच्या नेत्याला सभागृहात जायचं तर राजकीय पक्षाच्या दारातूनच जावं लागतं.

पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळे गावचे अण्णासाहेब पाटील या हमालांना संघटित करायला निघाले तेव्हा त्यांनी सभागृहाआधी कायदा गाठला. मोर्चे, संप, वाटाघाटी यांतून १९६९ चा माथाडी कायदा झाला. त्याची खरी करामत मंडळात आहे. किराणा बाजार, लोखंड-पोलाद, कापड बाजार, भाजीपाला अशी धंद्यानुसार माथाडी मंडळं झाली. मालकाने नोंद करायची, हमालांच्या टोळीनेही करायची. मालकाने मजुरी मंडळात भरायची, वर लेव्ही म्हणजे ठरावीक जादा रक्कम; त्यातून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी सुट्टी. आणि मंडळावर मालकांचे जेवढे प्रतिनिधी, तेवढेच कामगारांचे, जोडीला सरकारचे. मुकादमापुढे हात पसरणाऱ्या माणसाचा प्रतिनिधी व्यापाऱ्याच्या बरोबरीने बसू लागला. प्रतिनिधित्वाचा विचार करताना आपण आमदार-खासदार मोजतो. माझ्या मते माथाडीच्या रोजच्या जगण्यात या मंडळातल्या खुर्चीचं मोल आमदारकीहून जास्त ठरलं.

पुढे अण्णासाहेब काँग्रेसकडून विधान परिषदेत गेले. २२ मार्च १९८२ रोजी त्यांनी मराठा आरक्षणासाठी मुंबईत प्रचंड मोर्चा काढला. मागणी मान्य झाली नाही आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी आयुष्य संपवलं. त्या वर्षाची आठवण गिरणी संपाशी जोडली जाते. माथाडींसाठी १९८२ म्हणजे हा मृत्यू.

याच काळात घाऊक बाजार दक्षिण मुंबईतून हलू लागला होता. कांदा-बटाट्यापासून सुरुवात झाली, मग मसाला, धान्य, भाजी, फळं असे पाचही बाजार वाशी-तुर्भ्यात आले. बाजारामागे टोळ्या आल्या, कोपरखैरणे, घणसोली भागात माथाडींच्या वसाहती झाल्या. दर २५ सप्टेंबरला, अण्णासाहेबांच्या जयंतीला, नवी मुंबईत माथाडी मेळावा भरतो आणि कुठल्याही पक्षाचं सरकार असो, बडे नेते त्या व्यासपीठावर येतात.

तरी नवी मुंबईचं राजकारण माथाडींच्या हाती आलं नाही. ते गेलं स्थानिकांकडे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत युनियन बांधलेले गणेश नाईक १९९० साली बेलापूरमधून विधानसभेत पोहोचले. त्यांच्यामागे कारखान्यातला कामगार होता, तसंच गावठाणही होतं. माथाडीची मुळं सातारा, सांगली, पुण्याच्या गावांत. शेत तिकडे, भावकी तिकडे, अनेकांचं मतही तिकडेच. म्हणून शशिकांत शिंदे आधी जावळीतून आणि मग कोरेगावातून निवडून आले, मंत्रीही झाले. घाम इथे गाळायचा आणि आमदार तिकडून निवडायचा, या वाटणीत माथाडीच्या घराच्या, पाण्याच्या प्रश्नांना नवी मुंबईत हवा तसा आवाज मिळाला नाही, असं मला वाटतं.

वाशीच्या बाजार समितीतही कामगारांचा आवाज असाच लहान. २०२० मध्ये निवडून आलेल्या संचालक मंडळात पाच बाजारांच्या व्यापाऱ्यांचे पाच संचालक होते, कामगारांचा एक.

२०२३ मध्ये माथाडी कायद्यात बदल करणारं विधेयक आलं तेव्हा मात्र पक्ष बाजूला पडले. सत्ताधाऱ्यांच्या बाजूला असलेले नरेंद्र पाटील आणि विरोधी बाकांवरचे शशिकांत शिंदे, दोघेही त्याच्या विरोधात उभे राहिले.