'नवोदित' म्हणजे नेमकं कोण? कोल्हापूरच्या पोरापोरींच्या सिनेमातल्या वाटचालीची पार्श्वभूमी

कोल्हापुरात हल्ली अधूनमधून एक फ्लेक्स लागतोच. 'आपल्या पेठेचा वाघ आता मोठ्या पडद्यावर'. मध्ये पोराचा गॉगलवाला फोटो आणि खाली तालमीच्या यच्चयावत कार्यकर्त्यांचे चेहरे, म्हणजे पिक्चर कुठला ते शोधायला गाडी बाजूला लावावी लागते. पोरगं बहुतेक वेळा खरंच गुणी असतं. पण पुढच्या वर्षी ते कुठं असतं हे फ्लेक्स लावणाऱ्यांनाही सांगता येत नाही, आणि हे असं का होतं ते समजायला थोडं मागं जावं लागतं. फार मागं नाही जात, कारण बाबूराव पेंटरांनी घरी बनवलेल्या कॅमेऱ्याची गोष्ट इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे आणि 1 डिसेंबरला खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभापाशी ती दरवर्षी परत सांगितली जातेच.

त्यातला एकच मुद्दा इथं कामाचा. 1917 साली सुरू झालेल्या त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत, म्हणजे इथल्या पहिल्या सिनेमा कंपनीत, नट असा वेगळा प्राणी नव्हता. जो पोरगा सामान उचलायचा, पडदे रंगवायला हात लावायचा, तोच वेळ आली की मुकुट घालून उभा राहायचा. 1921 च्या 'सुरेखा हरण'मध्ये कृष्ण झालेला पोरगा, म्हणजे व्ही. शांताराम, असाच पडेल ते काम करत शिकला आणि पुढं देशातल्या मोठ्या दिग्दर्शकांत गेला. 1929 ला त्याच माणसांतल्या काहींनी इथंच दुसरी कंपनी, 'प्रभात', काढली, 1932 ला 'अयोध्येचा राजा' हा बोलपट इथंच झाला आणि 1933 ला अख्खी कंपनी पुण्याला गेली. ते का गेले यावर रंकाळ्यावर अजून दोन मतं ऐकायला मिळतात, तो विषय आता नको.

राहिलं ते भालजी पेंढारकरांचं जयप्रभा स्टुडिओ. तिथंही पद्धत तीच, स्टुडिओच्या पगारावर माणसं. त्या आवारातनं चंद्रकांत आणि सूर्यकांत हे दोन सख्खे भाऊ ऐतिहासिक सिनेमांचे हुकमी नट झाले, 1946 च्या 'वाल्मिकी'त पृथ्वीराजांचा थोरला पोरगा राज कपूर नारद होऊन गेला, गांधीहत्येनंतर 1948 च्या जाळपोळीत स्टुडिओ खाक झाला, परत उभा राहिला, आणि 1969 च्या 'तांबडी माती'त भालजींनी दादा कोंडके या वगनाट्यवाल्याला सिनेमात आणलं, त्यानं पुढं काय केलं ते सांगायला नको. नवीन माणूस असा महिन्याच्या पगारावर, बाकीच्यांच्यात राहून, चुकत चुकत तयार व्हायचा. पहिलं काम पडलं तरी दुसऱ्या दिवशी कामावर यायचंच असायचं.

मग स्टुडिओ थंडावले, धंदा मुंबईला गेला. मधली बरीच वर्षं इथल्या पोरांना शिकायला एकच जागा होती, ती म्हणजे राज्य नाट्य स्पर्धा आणि कॉलेजच्या एकांकिका. दिवसभर दुकान नाहीतर नोकरी, रात्री कुठल्यातरी शाळेच्या हॉलमध्ये तालीम, अकरा वाजता वॉचमन दिवे घालवतो तोवर. आणि प्रयोग केशवराव भोसलेला. 1915 चं ते नाट्यगृह, शेजारी खासबाग, म्हणजे एका भिंतीपलीकडं कुस्ती आणि अलीकडं नाटक. विद्यापीठात संगीत आणि नाट्यशास्त्र विभाग आहे, तिथनंही चांगली पोरं आली. पण कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं म्हणजे मुंबईला महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट काढायचं हे ठरलेलं. मोरेवाडीला चित्रनगरी झाली, पण तिथं पुष्कळ वर्षं गवतच जास्त होतं.

2016 ला दोन गोष्टी झाल्या. एप्रिलअखेर 'सैराट' आला, लीडला दोन्ही चेहरे कोरे, पोरगी तर अकलूजची शाळकरी, आणि पिक्चर रिलीज व्हायच्या आधीच तिला राष्ट्रीय पुरस्कारात स्पेशल मेन्शन मिळालेलं. सोलापूर जिल्ह्यातल्या पोरांना जमतंय तर आम्हाला का नाही, हे कोल्हापुरात उघडपणे बोललं जायला लागलं. आणि ऑक्टोबरला 'तुझ्यात जीव रंगला' सुरू झाली, शूटिंग इथं वसगड्यात. मालिकेतली भाषा कितपत कोल्हापुरी होती यावर बोलायला लागलं तर जेवण राहून जाईल, पण 'चालतंय की' घरोघरी गेलं आणि प्रॉडक्शनवाल्यांना कळलं की इथं वाडा आहे, शेत आहे, खर्च कमी येतो आणि बोलणारी माणसं जागेवर मिळतात.

आता त्या शब्दाकडं येतो, ज्याच्यापायी एवढं लिहायला घेतलंय. नवोदित. कास्टिंगच्या प्रत्येक मेसेजमध्ये असतोच, 'नवोदितांना प्राधान्य'. याचा अर्थ तीन ठिकाणी तीन होतो. पुरस्कारात नवोदित म्हणजे पदार्पण करणारा, राज्याच्या चित्रपट पुरस्कारात तर 'प्रथम पदार्पण' असा वेगळा विभागच आहे. पण पहिलं पाऊल म्हणजे कुठलं? एखादी पोरगी मालिकेत पाचशे भाग रोज रडली, महाराष्ट्राला तोंडपाठ झाली आणि मग सिनेमात आली तर ती पदार्पण करणारी. आणि एखाद्यानं पाच वर्षांपूर्वी हिरोच्या मित्राचे दोन सीन केले असतील, ते एडिटला अर्धे गेले असतील, आणि आज त्याला पहिल्यांदा खरी भूमिका मिळाली, तर तो काय? पदार्पण तर त्याचं कधीच होऊन गेलं, कुणी बघितलंच नाही एवढंच. यावर आम्हा नाटकवाल्यांत तासन् तास भांडणं झाली आहेत, आणि माझं मत विचाराल तर पहिली बोलती, नावाची भूमिका हीच पहिली धरावी, एडिटवर उरलेला मित्र नाही. समोरचे म्हणतात मग नाव असलेली भूमिका कुठली हे कोण ठरवणार, टायटलमध्ये 'पंप्या' असलं तर ते नाव धरायचं का. त्यांचंही खोटं नाही.

दुसरा अर्थ पोस्टरवरचा, तिथं नवोदित म्हणजे ज्याच्या नावावर थिएटर मिळत नाही असा माणूस, मग त्याची वीस नाटकं झालेली असोत. आणि तिसरा अर्थ व्यवहारातला, तो सगळ्यात वाईट. नवोदित म्हणजे पैसे विचारायचे नाहीत. 'एक्स्पोजर मिळेल, जेवण आमच्याकडं, कपडे स्वतःचे आणा'. मी एका सेटवर बघितलंय, पंचेचाळिशीचे काका, स्पर्धेत अभिनयाची बक्षिसं घेतलेले, को-ऑर्डिनेटरच्या यादीत नवोदित. काका नुसते हसले आणि चहा घेतला.

2020 नंतर याच्या जोडीला 'लोकल' आला. कोरोनात मुंबईत शूटिंगवर बंधनं आली तसे युनिट बाहेर पडले, चित्रनगरीत लाईट लागले, मोरेवाडीच्या रस्त्यावर जनरेटरच्या गाड्या दिसायला लागल्या. एकदम काम आलं, हे खरं आहे आणि ते नाकारायचं कारण नाही, किती तरी पोरांचं महालक्ष्मीचं तिकीट वाचलं. पण कागदावर दोन रकाने झाले, मुंबईचे कलाकार आणि लोकल. मुंबईवाल्याला हॉटेल आणि गाडी, लोकल आपल्या मोटरसायकलवर सकाळी सातच्या कॉलला. काम एकाच सीनमध्ये, वाक्यंही कधी कधी सारखीच, पर डे, म्हणजे दिवसाचा मेहनताना, मात्र वेगळा. त्यात मालिकांचं पेमेंट नव्वद दिवसांनी, म्हणजे पेट्रोल आज आणि पैसे तीन महिन्यांनी. प्रॉडक्शनची बाजू अशी की राहण्याचा खर्च वाचतो म्हणूनच तर आम्ही इथं येतो, नाहीतर कशाला आलो असतो. हिशोब बरोबर आहे, फक्त वाचलेला खर्च लोकलच्या पदरात का पडत नाही हे कुणी सांगत नाही.

ज्यांना लीड मिळाली त्यांचं वेगळंच. चॅनेलशी करार, तोवर दुसरं काम नाही, रोज बारा-तेरा तास. मालिका चालली तर दोन-तीन वर्षं चेहरा घराघरात, बंद पडली की लोक त्या पात्राच्याच नावानं हाक मारत राहतात आणि सिनेमावाले म्हणतात, हा टीव्हीचा. म्हणजे आधी नवोदित म्हणून पैसे कमी, मग जुना म्हणून काम कमी. बरोब्बर मधली, नुसतं नट असण्याची पायरी कुठं गेली कुणास ठाऊक. जयप्रभाच्या पगारी माणसाला ती होती. राष्ट्रीय पुरस्कारात 'धग'साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरलेली उषा जाधव मूळची इथलीच, 2013 ची गोष्ट, पण तिचाही रस्ता कोल्हापुरातनं बाहेर पडूनच गेला.

रीलवाल्यांचा आता नवा भरणा आहे. ऑडिशनला पहिला प्रश्न फॉलोअर्स किती. त्यांना नावं ठेवायची फॅशन आहे पण त्यातली दोन-तीन पोरं कॅमेऱ्याला आमच्या नाटकवाल्यांपेक्षा कमी घाबरतात, हे बघितलेलं आहे. आवाज मात्र तिसऱ्या रांगेपर्यंत पोचत नाही, आणि तो कमवायची जागाच मध्यंतरी जळून गेली. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले जळालं, ज्यांच्या नावाचं नाट्यगृह त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. त्या रात्री खासबागेच्या बाजूला जमलेल्या गर्दीत मालिकांमधले दोन-चार ओळखीचे चेहरे होते, मेकअप न उतरवता आलेले. कुणी सेल्फी मागितला नाही.