सैनिकाच्या पत्राचं वजन

अमेरिकेच्या यादवी युद्धात (1861–65) उत्तरेच्या सैन्यातले डॉक्टर आजारांच्या यादीत घराच्या ओढीलाही जागा देत होते. या आजाराचे पाच हजारांवर रुग्ण आणि 74 मृत्यू त्यांच्या नोंदींत आहेत. भूक मेलेली, झोप उडालेली, अंगात बारीक ताप, तोंडी सतत बायकामुलांचा विषय, आणि माणूस दिवसेंदिवस खंगत चाललेला. काही छावण्यांत तर घराची आठवण येईल अशी गाणी वाजवायला बँडला मनाई होती! आज या नोंदी वाचताना शंका येते ती वेगळीच. छावण्यांत विषमज्वर आणि हगवणीचं थैमान होतं. त्या 74 जणांपैकी बरेचसे त्यानेच गेले असावेत. पण मनाने खचलेला शिपाई साध्या दुखण्यातूनही लवकर उठत नाही, असं त्या डॉक्टरांना दिसत होतं, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. रजा दिली की रुग्ण सुधारतो, हेही त्यांना ठाऊक होतं. भर लढाईत रजा कोण देणार? मग उरतं घरचं पत्र.

पण कागदाला वजन असतं. दुसऱ्या महायुद्धात हे वजन चांगलंच जाचू लागलं. भूमध्य समुद्राची वाट धोक्याची झाल्यावर इजिप्तमधल्या ब्रिटिश सैनिकांचं टपाल बोटीने अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून जाई आणि त्यात महिनेच्या महिने मोडत. विमानात जागा मोजकी, आणि तीही दारूगोळा नि औषधांनी आधीच अडवलेली. 1941च्या एप्रिलमध्ये कैरोहून लंडनला पत्रांऐवजी पत्रांचे फोटो विमानाने जाऊ लागले. जून 1942 मध्ये अमेरिकेने हीच पद्धत ‘व्ही-मेल’ नावाने उचलली.

कल्पना तशी जुनीच. 1870 मध्ये पॅरिसला वेढा पडला, तेव्हा रने दाग्रों या फोटोग्राफरने हजारो निरोप इवल्याशा फिल्मवर उतरवून कबुतरांकरवी शहरात पोचवले होते. नवं होतं ते यंत्र. कोडॅकचा हा कॅमेरा मुळात बँकांतल्या चेकच्या नकला काढण्यासाठी बनलेला. त्यात कागद एका फटीसमोरून सरकतो आणि आत फिल्म त्याच तालात, पण कितीतरी सावकाश सरकते. मजकूर अरुंद पट्ट्यापट्ट्याने उमटत जातो. थांबणं नाही की शटर उघडणं-मिटणं नाही. फिल्म 16 मिलिमीटर रुंद. एवढ्याशा चौकटीत अख्खं पान वाचण्याजोगं बसवायचं तर फिल्मवरचे चांदीच्या क्षाराचे कण फार बारीक हवेत. कण बारीक झाले की फिल्म प्रकाशाला मंद प्रतिसाद देते, म्हणून प्रकाश भरपूर लागतो. फिक्या शाईत किंवा मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं यात टिकत नसे. गडद शाईत, ठळक लिहा, अशी सूचना त्यासाठीच असे.

दीड लाख पत्रांना एरवी 37 पोती लागत; वजन सुमारे 1,170 किलो. फिल्मवर तीच पत्रं एका पोत्यात मावत, 20 किलोंत. पलीकडे पोचल्यावर प्रत्येक पत्राचा साधारण 11 बाय 13 सेंटिमीटरचा छाप काढून तो सैनिकाच्या हाती देत. वाटेत विमान पडलंच तर? मूळ कागद पोच येईपर्यंत जपून ठेवत आणि गरज पडली तर त्यांची पुन्हा फिल्म काढत. कागदच विमानात असते तर ही सोय कुठून येणार होती?

यंत्राची एक खोड मात्र कोणाच्या ध्यानात आली नव्हती. बायका पत्राच्या शेवटी लिपस्टिक लावलेले ओठ टेकवत. लिपस्टिकमध्ये मेण आणि तेल. ते कागद ओढणाऱ्या रुळांना चिकटे, पुढच्या पत्रांवर डाग पडत आणि यंत्र अडे. टपालवाल्यांनी या प्रकाराला ‘लाल संकट’ म्हणायला सुरुवात केली होती. बाप परदेशी गेल्यावर जन्मलेल्या बाळाचा फोटो पाठवायला मात्र परवानगी होती. नियम करणाऱ्यांपैकी कोणीतरी स्वतः बाप असणार.

युद्ध संपेपर्यंत 100 कोटींहून अधिक व्ही-मेल पत्रं इकडून तिकडे गेली. तरी गंमत बघा: 1944 मध्ये अमेरिकी नौदलातल्या लोकांना 3.8 कोटी व्ही-मेल मिळाली, तर नेहमीची पाकिटातली पत्रं 27 कोटींवर. पाकिटातल्या पत्रासोबत पोराने रेघोट्या मारलेला कागद किंवा बातमीचं कात्रण धाडता येई, पानांनाही बंधन नसे. आणि हाती येई तो बायकोने स्वतः घडी घातलेला कागद.