छोट्या गोठ्यांची वाढ आणि पर्यावरण (नाशिक जिल्हा)

घरापुरत्या दोन-तीन गायींवरून गोठा दहा-पंधरा गायींवर गेला की पाणी, जमीन आणि हवेवर जो भार पडतो, त्याबद्दल हे. नाशिक जिल्ह्यात सिन्नर, येवला, निफाडकडे हे जास्त दिसतं, कारण कांद्याचा भाव कधी कोसळेल याचा भरवसा नाही आणि दुधाचा पगार मात्र दहा दिवसांनी हातात पडतो.

पाण्याचं बघायला गेलं तर दुभती एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, जास्त दूध देणारी विदेशी जातीची गाय) दिवसाला साधारण 60 ते 80 लिटर पाणी पिते, उन्हाळ्यात जास्तच. पण ते काहीच नाही, खरं पाणी वैरणीत जातं. नेपिअर आणि लसूणघास ही हिरवी वैरण उन्हाळाभर भिजवावी लागते. इगतपुरीत 3000 मिमीच्या वर पाऊस, सिन्नरच्या पूर्व भागात त्याच्या पाचव्या हिश्श्याइतका, आणि गोठे नेमके या कोरड्या बाजूला वाढले. म्हणून मे महिन्यात गावात टँकर येतो आणि शेजारच्या शिवारात बोअरवर नेपिअर भिजत असतं, असंही चित्र दिसतं. त्यातल्या त्यात पावसाळी मक्याचा मुरघास (हवाबंद बॅगेत मुरवून टिकवलेली हिरवी वैरण) करून ठेवला तर उन्हाळ्यातलं पाणी बरंच वाचतं, बॅगेचा खर्च आहे पण परवडतो.

दुसरं शेण. एक गाय दिवसाला 15-20 किलो शेण टाकते, म्हणजे दहा गायींचं रोज दीड-दोन क्विंटल. दोन गायी होत्या तेव्हा ते घरच्याच रानात जिरायचं, आता एकर-दीड एकरात मावत नाही, मग उकिरडा वाढत जातो, बऱ्याचदा विहिरीच्याच कडेला, कारण गोठाही पाण्याजवळच बांधलेला असतो. पहिल्या पावसात काळं पाणी झिरपतं, खाली भेगाळलेला बेसॉल्ट (काळा खडक), त्यातून नायट्रेट विहिरीत उतरतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे आणि पाणी उकळून ते जात नाही, हे लोकांना माहीतच नसतं. पण हेच शेण निफाड-दिंडोरीचे द्राक्षवाले ट्रॉलीच्या भावाने पैसे मोजून नेतात, त्यामुळे एका अर्थी हा प्रश्न शेणाचा कमी आणि वाहतुकीचा जास्त. बायोगॅसचाही पर्याय आहे, 2 घनमीटरच्या टाकीला रोज 50 किलोच्या आसपास शेण लागतं, म्हणजे तीन गायींत एका घराचा गॅस निघतो. टाकीतून बाहेर पडणारी स्लरी (शेणाचा पातळ राबडा) मात्र रानात न्यावीच लागते, ओढ्याला सोडली तर पुन्हा तेच.

हवेचं म्हणाल तर गाय रवंथ करते आणि ढेकरेतून मिथेन सोडते. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा 28 पट तापवणारा धरतात. जास्त दूध देणाऱ्या गायीमागे लिटरला मिथेन कमी पडतो हे खरं, पण दावणीला गायीच दुप्पट झाल्या तर एकूण आकडा वाढणारच. शिवाय एचएफला नाशिकचा एप्रिल-मे सोसत नाही, गोठ्यात पंखे आणि फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारे) लावावे लागतात, म्हणजे वीज आणि पाणी परत आलंच.

इगतपुरी, त्र्यंबककडची डांगी गाय या सगळ्यात मागे पडली. तेलकट कातडीमुळे ती मुसळधार पावसात चरते, माळावरच्या गवतावर भागवते, फॉगर मागत नाही. पण दूध इतकं कमी की डेअरीच्या किटलीत दिसतच नाही, मग कोण ठेवणार.