‘सकाळचंच रक्त आहे, त्यातूनच करून टाका’ हे का चालत नाही

किडनीच्या पेशंटसाठी आणि त्यांच्यासोबत येणाऱ्यांसाठी

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सी३, सी४ आणि त्याखाली सीएच५० (रक्तातल्या ‘कॉम्प्लिमेंट’ प्रथिनांच्या तपासण्या) असलं की आमच्या लॅबच्या काउंटरवर दोन प्रश्न हमखास येतात. एक, “सी३ कमी म्हणजे प्रतिकारशक्ती कमी का?” दुसरा, “सकाळी क्रिएटिनिनसाठी दिलेलं रक्त आहेच की, त्यातूनच करून टाका ना!” पहिल्याचं उत्तर लवकर देता येतं. दुसऱ्यापायी तुमचा हेलपाटा होतो आणि आमचा वाद, म्हणून हे पत्रक.

कॉम्प्लिमेंट म्हणजे रक्तातली तीसहून अधिक प्रथिनं. सी३ आणि सी४ ही त्यातलीच दोन. बहुतेक यकृतात तयार होतात. जंतू आला की एक प्रथिन दुसऱ्याला जागं करतं, दुसरं तिसऱ्याला, आणि शेवटची मंडळी जंतूच्या आवरणाला भोक पाडतात. ही साखळी सुरू व्हायच्या वाटा तीन, पण तिन्ही सी३पाशी येऊन मिळतात. फॅक्टर एचसारखी काही प्रथिनं तिला लगाम घालतात. हा लगाम सुटला, किंवा अँटीबॉडींचे (जंतूंना धरणाऱ्या प्रथिनांचे) गठ्ठे किडनीच्या गाळणीत अडकून बसले, की हीच फौज गाळणीवर उलटते आणि लघवीतून प्रथिनं आणि रक्त जाऊ लागतं. म्हणजे किडनीच्या अशा दुखण्यात सी३ कमी दिसतो तो बहुतेक वेळा खर्च होतोय म्हणून. प्रतिकारशक्तीच्या गोळ्या आणि काढे शोधत बसू नका.

सी३ आणि सी४ मिळून डॉक्टरांना माग देतात. ल्युपसच्या (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) किडनीविकारात बरेचदा दोन्ही खाली जातात. घशाच्या किंवा त्वचेच्या संसर्गानंतर मुलांना जी किडनीची सूज येते, तिच्यात बहुधा सी३ घसरतो आणि सी४ जागेवर राहतो. हा सी३ साधारण ६ ते ८ आठवड्यांत वर येतो. म्हणून “मूल तर बरं दिसतंय, आता कशाला?” म्हणून दुसरी तपासणी टाळू नका. तो वर आलाच नाही, तर डॉक्टरांना वेगळा विचार करावा लागतो. उलट, आयजीए नेफ्रोपथीत (आयजीए नावाची अँटीबॉडी गाळणीत साचते तो आजार) रक्तातले आकडे सहसा नॉर्मल असतात आणि बायोप्सीत, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा तपासल्यावर, मात्र सी३ चिकटलेला दिसतो. तेव्हा आकडे नॉर्मल आले तरी बायोप्सी रद्द करून घेऊ नका.

आता त्या सकाळच्या रक्ताबद्दल.

सी३ आणि सी४ म्हणजे हजेरीपट: किती जण आलेत ते मोजायचं. सीएच५०मध्ये आलेले लोक काम करतात का ते बघायचं असतं. त्यासाठी मेंढीच्या लाल पेशींवर अँटीबॉडी चढवतात आणि तुमच्या सिरममुळे (रक्ताची गुठळी झाल्यावर वर उरणारं पाणी) त्यातल्या निम्म्या पेशी फुटायला किती सिरम लागतं ते पाहतात. साखळीतलं एक प्रथिन जरी सुस्तावलं तरी आकडा पडतो, आणि ही प्रथिनं नळीत पडल्या पडल्यासुद्धा सुस्तावतात. रक्ताची गुठळी झाली की लगेच सिरम वेगळं करून उणे ७० अंशांच्या फ्रीझरमध्ये जायला हवं. क्रिएटिनिन तेवढं नाजूक नाही, म्हणून सकाळची नळी त्याला चालते.

जांभळ्या झाकणाची नळी तर सीएच५०ला अजिबात चालत नाही. तिच्यातलं ईडीटीए (रक्ताची गुठळी होऊ न देणारं रसायन) कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि साखळी जागीच थांबते. गंमत म्हणजे साखळीचे तुकडे मोजायच्या काही तपासण्यांना नेमकी तीच नळी लागते. म्हणून नळी आम्हाला निवडू द्या.

घरचा फ्रिज हाही उपाय नाही. काहींच्या रक्तात, विशेषतः हिपॅटायटिस सी असेल तर, थंडीनेच साखळी नळीत पेटते आणि शरीरात काहीही घडलेलं नसताना सीएच५० खाली येतो. एक गृहस्थ नळी फ्रीझरमध्ये ठेवून रुमालात गुंडाळून घेऊन आले होते. वितळल्यावर आत सगळं लालेलाल, पेशी फुटलेल्या, वेगळं करायला सिरम उरलंच नव्हतं. काळजी त्यांनी मनापासून घेतली होती, पण आम्हाला नाही म्हणावं लागलं.

आम्ही नमुना परत करतो तो पुन्हा पैसे घेण्यासाठी, असं काहींना वाटतं. सुरुवातीच्या काळात आम्हीही एकदा भिडेखातर जुन्या नळीवर तपासणी केली होती. आकडा शून्याच्या जवळ आला आणि घरचे हादरले. दोन दिवसांनी ताजा नमुना घेतला, तो नॉर्मल. तेव्हापासून सीएच५०साठी रक्त आमच्याकडे येऊनच द्यायचं, असा नियम केला. सेंट्रिफ्यूज (नळी गरगर फिरवून सिरम वेगळं करणारं यंत्र) आणि फ्रीझर रक्त घेण्याच्या खोलीला लागूनच ठेवलेत. फक्त सी३-सी४ असेल तर आमचा माणूस घरी येऊन रक्त नेईल. उपाशी राहायची गरज नाही, पण नुकतंच तेलकट खाल्लेलं असेल तर सिरम गढूळ होतं आणि मोजणीत अडथळा येतो.

प्लाझ्मा एक्स्चेंज (रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, काढून दुसरा भरणं) ठरलं असेल तर रक्त त्याच्या आधीच द्या. नंतर दुसऱ्याच्या प्लाझ्मातली प्रथिनं मोजली जातात. एक्युलिझुमॅबसारखं सी५ (साखळीतलं सी३च्या पुढचं प्रथिन) अडवणारं इंजेक्शन चालू असेल तर चिठ्ठीवर तसं लिहून आणा. त्या औषधाने सीएच५० जवळजवळ शून्यावर येतो आणि तिथे तसंच अपेक्षित असतं. आम्हाला माहीत नसेल तर रिपोर्टवर धोक्याची खूण होते आणि रात्री डॉक्टरांचा फोन वाजतो.

जुने रिपोर्ट सोबत ठेवा. लॅब बदलली की पद्धत आणि नॉर्मलची रेघही बदलू शकते, म्हणून दर वेळचा सी३ शक्यतो एकाच ठिकाणी करून घ्या. ते ठिकाण आमचंच हवं असं नाही, पण तुमचे मागचे सगळे आकडे आमच्याकडे एका पानावर काढून मिळतात. सीएच५०साठी निघण्याआधी एक फोन करा, म्हणजे सेंट्रिफ्यूज मोकळं ठेवू.