दंतोपचारांदरम्यान श्वसनमार्गात वस्तू जाणे

दातांवर उपचार चालू असताना एखादे उपकरण, त्याचा तुटलेला भाग, दातावर बसवायची कॅप किंवा नुकताच उपटलेला दात हातातून निसटून घशात पडतो आणि गिळला न जाता स्वरयंत्रातून खाली श्वासनलिकेत किंवा तिच्या शाखांत उतरतो, अशा अपघाताचा या नोंदीत विचार केला आहे. घशात निसटलेल्या वस्तूंपैकी बहुतेक अन्ननलिकेतून पोटात जातात; श्वसनमार्गात जाणाऱ्या त्यामानाने थोड्या असतात. परंतु पोटात गेलेली वस्तू बहुधा काही दिवसांत शौचावाटे आपोआप बाहेर पडते, फुप्फुसाकडे गेलेल्या वस्तूबाबत मात्र तसा भरवसा धरता येत नाही. विरळ असूनही या अपघाताची धास्ती दंतवैद्यकात बाळगली जाते, ती यामुळेच.

एरवी घास गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाते, त्याच्या तोंडावरची झडप मिटते आणि चुकून काही आत गेलेच तर ठसका लागून ते बाहेर फेकले जाते. दंतोपचाराच्या खुर्चीत ही व्यवस्था अनेक बाजूंनी ढिली पडते. रुग्ण उताणा असतो, तोंड बराच वेळ उघडे असते, जीभ मागे सरकलेली असते आणि घशाशी पाणी व लाळ साचत असते. खालच्या दाढेसाठी दिलेल्या इंजेक्शनने ओठाबरोबर जिभेची ती बाजूही बहुधा बधिर होते, त्यामुळे जिभेवर पडलेली बारीक वस्तू रुग्णाला जाणवेलच असे नाही. काहीतरी घशाशी पडल्याचे कळले, तर दचकून खोल श्वास आत ओढला जातो आणि वस्तूला नेमकी नको ती दिशा मिळते. गुंगीचे औषध दिलेले रुग्ण, पक्षाघात किंवा कंपवातामुळे गिळण्याची क्रिया मंदावलेले वृद्ध आणि खुर्चीत स्थिर न राहणारी लहान मुले यांच्या बाबतीत हा धोका अधिक असतो.

निसटणाऱ्या वस्तूंत दातांच्या कॅपचा क्रम वरचा लागतो. कॅप पक्की बसवण्यापूर्वी ती दातावर चढवून, चावून पाहून, काढून, घासून पुन्हा चढवावी लागते. लाळेने ओली झालेली ही गुळगुळीत धातूची किंवा सिरॅमिकची टोपी बोटांच्या चिमटीतून सहज सुटते. रूट कॅनल उपचारात वापरल्या जाणाऱ्या फाइल्स साधारणपणे 21, 25 किंवा 31 मिलिमीटर लांबीच्या, सुईसारख्या आणि काटेरी असतात. त्या घशात गेल्यास अडकतातही आणि इजाही करतात. मिनिटाला तीन ते चार लाख फेरे घेणाऱ्या एअरोटरचे, म्हणजे दात कोरण्याच्या यंत्राचे, टोक धरणारी पकड झिजली असेल, तर ते टोक चालू कामातच सुटून येऊ शकते. इम्प्लांट बसवण्याचा आखूड पेचकस, दात सरळ करण्याच्या तारांचे ब्रॅकेट, आरशाचे सैल झालेले डोके, जुन्या भरावाचे तुकडे आणि कवळीचे मोडलेले भाग हेही या यादीत येतात.

प्रतिबंधाचे सर्वांत खात्रीचे साधन म्हणजे रबर डॅम. न्यूयॉर्कमधील दंतवैद्य सॅनफर्ड बार्नम यांनी 1864 मध्ये रबराच्या पातळ पडद्याला भोक पाडून त्यातून दात वर काढला, तो लाळ दूर ठेवून दात कोरडा राखण्यासाठी. पण तोच पडदा घशावरचे झाकणही ठरला. रूट कॅनल उपचारात त्याचा वापर आवश्यक मानला जातो, तरी त्याला फाटा देणारे दवाखाने अजूनही आहेत, आणि वेळ जातो ही सबब पटण्यासारखी नाही. पडदा धरून ठेवणारा धातूचा चिमटाही क्वचित कमानीशी मोडतो, म्हणून त्याच्या दोन्ही पाळ्यांच्या भोकांतून फ्लॉसचा दोरा ओवतात. एकाच पाळीला दोरा बांधला तर मोडलेल्या चिमट्याचा अर्धा भाग मोकळाच राहतो. कॅप चढवून पाहताना किंवा दात काढताना रबर डॅम लावणे शक्य नसते. तेथे घशापुढे उलगडलेल्या गॉजचा पडदा ठेवणे, पेचकसाला दोरा बांधून त्याचे टोक तोंडाबाहेर ठेवणे, खुर्ची थोडी उभी करणे आणि जोरकस सक्शन (लाळ-पाणी ओढून घेणारी नळी) हाताशी ठेवणे हे उपाय करतात. एकट्याने काम करणाऱ्या दंतवैद्याला यातली शेवटची गोष्ट कठीण जाते.

वस्तू घशात पडली, पण अजून दिसत असेल, तर रुग्णाला एकदम उठवून बसवू नये, कारण तसे केल्याने ती खालीच जाते. डोके खालच्या पातळीवर आणून मान एका बाजूला वळवली की वस्तू गालाकडे येते आणि लांब चिमट्याने किंवा सक्शनने काढता येते. बोटे घालून चाचपडल्यास ती आणखी मागे ढकलली जाते. ठसका लागला की डोक्यावर थापटून ‘वर बघ’ म्हणण्याची घरोघरीची रीत येथे कामाची नाही. रुग्ण जोराने खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे. आवाज फुटत नसेल, खोकला निष्फळ ठरत असेल, तर खांद्यांच्या फऱ्यांमध्ये पाच थापा आणि नंतर पोटावर वरच्या दिशेने पाच दाब असा क्रम आळीपाळीने चालवतात. गरोदर स्त्रिया आणि अतिस्थूल व्यक्तींच्या बाबतीत पोटाऐवजी छातीवर दाब देतात, आणि रुग्ण बेशुद्ध झाल्यास हृदय-श्वसन पुनरुज्जीवन सुरू करतात.

बऱ्याच वेळा मात्र एवढे नाट्य घडत नाही. दोन-चार वेळा खोकून रुग्ण शांत होतो, वस्तू सापडत नाही आणि ‘गिळली असेल’ असे गृहीत धरले जाते. या प्रसंगातील खरी चूक ती हीच. लहान वस्तू एखाद्या शाखेत स्थिरावली की खोकला थांबू शकतो. म्हणून तक्रार नसली तरी छातीचे आणि पोटाचे क्ष-किरण चित्र काढून वस्तूचा ठावठिकाणा निश्चित करावा लागतो. त्याच प्रकारची दुसरी फाइल किंवा कॅप रुग्णासोबत पाठवल्यास चित्र वाचणाऱ्याला आकार ओळखणे सोपे जाते. कवळीचे ॲक्रिलिक साध्या चित्रात सहसा उमटत नाही, तेव्हा सीटी स्कॅनचा आधार घ्यावा लागतो.

प्रौढांमध्ये अशी वस्तू बहुधा उजव्या बाजूला सापडते. श्वासनलिकेची उजवी मुख्य शाखा डावीपेक्षा रुंद, जवळजवळ सरळ खाली उतरणारी आणि आखूड, सुमारे 2.5 सेंटिमीटर लांबीची असते. डावी शाखा तिच्या दुप्पट लांब आणि अधिक तिरकी असते. वस्तू ब्राँकोस्कोपीने, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून, काढतात. या तंत्राचा आरंभ 1897 मध्ये जर्मनीतील गुस्टाव किलियान यांनी एका शेतकऱ्याच्या उजव्या शाखेतून हाडाचा तुकडा काढून केला. पुढे अमेरिकेत शेव्हलियर जॅक्सन यांनी रुग्णांच्या घशांतून आणि श्वासनलिकांतून काढलेल्या दोन हजारांहून अधिक वस्तू जपून ठेवल्या. तो संग्रह फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात आहे. 1960 च्या दशकात जपानच्या शिगेतो इकेदा यांनी लवचीक दुर्बीण आणल्यावर अधिक खोलवरच्या शाखा गाठता येऊ लागल्या, तरी मोठ्या किंवा धारदार वस्तूंसाठी पूर्ण भूल देऊन ताठ नळीची दुर्बीण आजही वापरतात. शस्त्रक्रियेने छाती उघडण्याची वेळ क्वचित येते.

वस्तू आठवडे किंवा महिने आत राहिली तर तिच्याभोवती मांसांकुर वाढतात, पुढचा भाग हवेअभावी मिटतो आणि त्याच जागी पुन:पुन्हा न्यूमोनिया किंवा गळू होते. दम्याची किंवा क्षयाची औषधे घेऊनही उतार न पडलेल्या अशा रुग्णाला महिन्यांपूर्वी दाताचे काम करून घेतल्याचे आठवतेच असे नाही, आणि विचारल्याशिवाय ते तो सांगतही नाही.