रनिंगमधल्या गाडीच्या पोटात काय चालू असतं

नागपुरात दसऱ्याला, धनतेरसला नाहीतर पाडव्याला शोरूममधून बाईक निघाली की आधी टेकडी गणपतीला जाते, चाकाखाली लिंबू चिरडतं, आणि घरी पोहोचेस्तोवर दोन-तीन जणांनी तरी सांगून झालेलं असतं की बाबू, पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर नेऊ नको, गाडी रनिंगमधे आहे, म्हणजे नव्या इंजिनाचे भाग अजून घासून एकमेकांत बसायचे आहेत. आणि त्याच दिवशी पानठेल्यावर एखादा पोट्टा भेटतोच जो याच्या बरोबर उलट सांगतो, की वर्धा रोडला लाग आणि पूर्ण पिळ, तेव्हाच इंजिन खुलते. आता गंमत अशी आहे की दोघांकडेही अर्धं अर्धं खरं आहे आणि दोघांनाही आपलं काहून खरं आहे ते सांगता येत नाही.

साधी 100 सीसीची गाडी घ्या, बोअर म्हणजे सिलेंडरचा आतला व्यास 50 मिलिमीटर, स्ट्रोक म्हणजे त्यात पिस्टन वर-खाली जातो ते अंतर 49.5. सिलेंडर आतून आरशासारखा गुळगुळीत असेल असं वाटतं, पण नसतो, मुद्दामच नसतो. फॅक्टरीत हॉनिंग, म्हणजे सिलेंडर आतून दगडाने घासायचं काम, करताना त्याच्या भिंतीवर बारीक तिरक्या रेघा ओढलेल्या असतात, एकमेकींना छेदणाऱ्या. मिस्त्रीकडे नवीन ब्लॉक, म्हणजे सिलेंडरचा भाग, आलेला असेल तर हातात घेऊन उजेडात तिरका धरून बघा, फुल्याफुल्यांची जाळी स्पष्ट दिसते. त्या खाचांत ऑइल टिकून राहतं, त्यासाठीच त्या आहेत. पण दोन खाचांच्या मधे जे उंचवटे आहेत त्यांची टोकं नव्या इंजिनात अजून धारदार असतात आणि पिस्टनभोवतीच्या खाचेत बसवलेली कडी, म्हणजे रिंगही अजून पूर्ण गोलाईने भिंतीला चिकटलेली नसते, म्हणजे वरून टेकल्यासारखी दिसली तरी खरा स्पर्श थोड्याच ठिकाणी. सगळा भार त्या थोड्या टोकांवर येतो, तिथे ऑइलची फिल्म, म्हणजे पातळ थर, फाटते, धातू धातूला घासतो, टोकं झिजतात, काही तुटून ऑइलमधे जातात. टोक सपाट झालं की भार जास्त जागेवर पसरतो, फिल्म टिकायला लागते आणि घासणं कमी होतं. ही झीज स्वतःच स्वतःला आवरते, म्हणूनच रनिंग पिरियड कधीतरी संपतो, नाहीतर इंजिन घासतच राहिलं असतं. 1902 च्या सुमारास रिचर्ड स्ट्रिबेक नावाच्या जर्मन इंजिनिअरने बेअरिंगवर प्रयोग करून दाखवलं होतं की घर्षण हे वेग, भार आणि ऑइलचा घट्टपणा या तिघांच्या हिशोबाने बदलतं, वेग कमी आणि भार जास्त असेल तर फिल्म पातळ होते. रनिंगचं बरंचसं शास्त्र स्ट्रिबेकने काढलेल्या त्या एका वक्ररेषेत बसतं.

हे काम किती मोठं आहे बघा. सरासरी ताशी 40 ने हजार किलोमीटर म्हणजे 25 तास, इंजिन साधारण 4000 आरपीएमवर धरलं तर 60 लाख फेरे. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन एकदा वर एकदा खाली, जवळपास 10 सेंटिमीटर. म्हणजे गाडी हजार किलोमीटर चालली तेव्हा बिचारी रिंग भिंतीवर घासत घासत 600 किलोमीटर गेलेली असते.

आता चाळीसवाल्या काकांकडे येऊ. रिंग भिंतीला दाबली जाते ती तिच्या स्वतःच्या स्प्रिंगपणामुळे, पण तो दाब थोडका. खरा दाब येतो जळणाऱ्या गॅसचा, तो रिंगेच्या मागच्या खाचेत शिरतो आणि तिला आतून बाहेर ढकलतो. पूर्ण थ्रॉटलला, म्हणजे रेस पूर्ण पिळल्यावर, सिलेंडरमधलं प्रेशर बाहेरच्या हवेच्या दाबाच्या 40-50 पट जाऊ शकतं, आणि रेस जेमतेम दिलेली असेल तर त्याच्या कितीतरी कमी. म्हणजे गाडी महिनाभर नुसती रांगवली तर रिंगेला बसायला हवा तो दाबच मिळत नाही, तोवर भिंतीवरचं ऑइल भाजून खाचांमधे चकचकीत थर धरतं, आणि एकदा तो थर बसला की रिंग त्याच्यावर घसरत राहते, गाडी कायमची ऑइल पिणारी होते आणि मग ब्लॉक उघडून परत हॉनिंग करण्यावाचून इलाज नाही. अजून एक सवय याहून वाईट आहे, वेग चाळीसच्या आत ठेवायचा म्हणून टॉप गिअरमधे पंचविसने गाडी धडधडत ओढायची, व्हेरायटी चौकातून निघून पूल चढेपर्यंत गिअर कमी करायचा नाही. भार जास्त आणि फिरणं कमी, म्हणजे स्ट्रिबेकच्या हिशोबाने नेमकी सगळ्यात पातळ फिल्म.

मग काकांचा नियम आला कुठून? माझ्या मते तो राजदूत-येझदीच्या काळातला आहे. त्या टू-स्ट्रोक गाड्या, ऑइल पेट्रोलमधे मिसळून टाकायचं, वेगळं सम्प, म्हणजे इंजिनाखाली ऑइलची टाकी, वगैरे नाही, पिस्टनला जे काही ऑइल मिळायचं ते पेट्रोलसोबत येईल तेवढंच, आणि तेव्हाचं मशीनिंगही आजच्याइतकं बारीक नव्हतं, त्यामुळे नवी गाडी तापून सीझ होण्याची, म्हणजे पिस्टन सिलेंडरमधे अडकून बसण्याची, भीती खरी होती. गाड्या बदलल्या, सल्ला तसाच राहिला. आजच्या इंजिनात हॉनिंगच अशी करतात की सगळ्यात टोकदार उंचवटे आधीच कापलेले असतात, रनिंगचं अर्धं काम फॅक्टरीतच उरकून घेतात.

पण म्हणून त्या पोट्ट्याचंही ऐकू नका. पिस्टन असतो अ‍ॅल्युमिनियमचा. 50 मिलिमीटरचं अ‍ॅल्युमिनियम 200 अंशांनी तापलं तर व्यासात जवळपास पाव मिलिमीटर फुगतं, आणि त्याच्या बाहेरची बिडाची स्लीव्ह, म्हणजे सिलेंडरची आतली नळी, 100 अंशांनी तापली तर फुगते फक्त 0.05-0.06. मधली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांची. हे जमावं म्हणून पिस्टन वरच्या बाजूला किंचित निमुळता आणि थोडा लंबगोल करतात, पूर्ण गोल नसतोच तो. नव्या पिस्टनचे उंचवटे अजून घासून बसलेले नाहीत, त्यात मे महिन्यात बुटीबोरीपर्यंत एका दमात फुल्ल पिळलं तर घर्षणाची उष्णता वरून वाढते, एखाद्या जागी धातू धातूला क्षणभर चिकटून सोलला जातो आणि भिंतीवर उभे ओरखडे उठतात. ते मात्र भरून येत नाहीत. म्हणून काही कंपन्यांच्या पुस्तिकेत जे असतं, की अर्ध्या-पाऊण थ्रॉटलपर्यंत जा, एकाच वेगावर फार वेळ राहू नका, रेस कमी-जास्त करत चला, ते कंटाळवाणं असलं तरी बरोबर आहे. काटोल रोडला सकाळी निघालं, इंजिन गरम होऊ दिलं, गिअर बदलत पन्नास-साठपर्यंत नेऊन परत सोडलं, एवढ्यात काम होते.

पहिल्या सर्विसिंगला शक्य असेल तर ऑइल काढताना तिथेच उभे राहा. ट्रेमधलं ऑइल उन्हात हलवलं की त्यात चांदीचा वर्ख घोळल्यासारखी चमक दिसते. आपल्याकडच्या बहुतेक बाईकमधे इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमधे असतात, त्यामुळे ती चूर नुसती रिंगेची नाही, गिअरच्या दातांची आणि क्लचचीही आहे. चुंबक फिरवला तर लोखंडाची भुकटी चिकटते, अ‍ॅल्युमिनियमची चिकटत नाही. बोटांत चोळून नुसती चमक राहिली तर ठीक, नखाला कण लागला तर मिस्त्रीला दाखवा. आणि हे पहिलं ऑइल लांबवायचं नाही, कारण झीज सगळ्यात जास्त याच दिवसांत झालेली असते.

इंजिनसोडून बाकीच्या गाडीचंही रनिंग चालूच असतं. चेन पहिल्या काहीशे किलोमीटरमधे ढिली होते, लोखंड ताणलं जातं म्हणून नाही तर तिच्या पिना आणि बुश एकमेकांत बसतात म्हणून. ब्रेक शू ड्रमच्या गोलाईला पूर्ण लागायला वेळ घेतात. नवा टायर साच्यातून निघालेला, वरून तुळतुळीत, पहिले 100-150 किलोमीटर आपल्या सिमेंट रोडवर, त्यातही पाऊस पडून गेल्यावर, जरा सांभाळूनच वळवावा.

आता सगळे विचारतात ते, पिकअप आणि अ‍ॅव्हरेज. सपाट रस्त्यावर ताशी 45 ला या गाडीला चाकापाशी दीड हॉर्सपॉवरच्या आसपास लागते, इंजिन देऊ शकतं 8 च्या जवळ. घर्षण मात्र गाडी हळू चालली म्हणून त्या प्रमाणात कमी होत नाही, त्यामुळे थोड्या कामात त्याचा वाटा मोठा असतो आणि तोच रनिंगमधे घटतो. म्हणून फरक अ‍ॅव्हरेजमधे दिसतो, टॉप स्पीडमधे फारसा नाही. पिकअपचं अजून एक आहे जे कोणी धरतच नाही, ते म्हणजे हवा. 45 अंशांच्या हवेपेक्षा 12 अंशांची हवा साधारण 11 टक्क्यांनी दाट असते, म्हणजे पूर्ण थ्रॉटलला तेवढा जास्त ऑक्सिजन. दसऱ्याला घेतलेली गाडी डिसेंबरच्या सकाळी एकदम खुलल्यासारखी वाटते, आणि पाडव्याला घेतलेली मे महिन्यात ठोंब्या निघाली असं वाटून लोक शोरूमवाल्याशी भांडून राहिले असतात. दोन्हीकडे इंजिन तेच, रिंगा तशाच बसलेल्या. खरं बघायचंच असेल तर टाकी एकाच पंपावर काठोकाठ भरा, नेहमीच्याच रस्त्याने नेहमीच्याच वेळेला चालवा, परत तिथेच तेवढीच भरा आणि किलोमीटरला लिटरने भागा, पहिल्या सर्विसिंगच्या आधी एकदा आणि दोन हजारच्या पुढे गेल्यावर एकदा, पण दोन्ही वेळा ऋतू सारखाच असेल असं बघून.